साक्षीला दिवा

पितळी दिव्याचं उजेड देण्याचं काम केव्हाच संपलं. मुंबईच्या उपनगरांपुरतं बोलायचं तर बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी 1929 साली स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत इथल्या गावांतून, वाड्यांतून विजेचे खांब उभे राहिले. त्याच्याही आधी रॉकेलच्या कंदिलानं आणि चिमणीनं तेलवातीला ओटीवरून, माजघरातून हलवून देवघरापुरतं ठेवलं होतं. म्हणजे समई, निरांजन, लामणदिवा यांच्यावाचून रात्री अडायचं बंद होऊन कित्येक पिढ्या लोटल्या. ज्या वस्तूवाचून अडत नाही ती घरातून जाते. पाटा-वरवंटा गेला, पाणी तापवायचा बंब गेला, पाणी भरायचं पितळी पिंप गेलं. दिवा मात्र राहिला. कांदिवलीतल्या एका खोलीच्या घरात, जिथं गाद्यासुद्धा पलंगाखाली सारून ठेवाव्या लागतात, तिथंही समईला जागा मिळाली. ती का मिळाली, हा या पुस्तकामागचा प्रश्न आहे.

हे पुस्तक कांदिवलीतल्या घरांमध्ये आज असलेल्या पितळी दिव्यांच्या नोंदींचं आहे. प्रत्येक दिव्याचं छायाचित्र, त्याची उंची, वजन, तो कुठून आला, कुणी आणला, कधी लावला जातो आणि त्याच्या तळावर काय कोरलंय, एवढी माहिती पुढल्या पानांवर सापडेल. कांदिवलीच का, असं मला पुष्कळांनी विचारलं. ना हे मोठं तीर्थक्षेत्र, ना इथं तांबट-कासारांची पेठ. दिवे घडत आले ते पुण्याच्या तांबट आळीत, नाशिकच्या भांडी बाजारात, विदर्भात भंडाऱ्याला. मुंबईत ते विकत मिळायचं ठिकाण म्हणजे पायधुणीजवळचा तांबाकाटा आणि भुलेश्वर. आजच्या दुकानांमध्ये तर पुष्कळ माल मुरादाबादहून येतो. कांदिवलीत एकही दिवा घडत नाही. पण इथं दिवे आले ते माणसांबरोबर आले, आणि म्हणूनच मला हे ठिकाण महत्त्वाचं वाटतं.

चारकोपचं उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या साहाय्यानं 1985 मध्ये मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडानं चारकोपला लहान लहान भूखंड पाडून दिले आणि त्यावर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणं घर उभं केलं. गिरण्यांचा संप 1982 चा. त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळच्या चाळींमधून उपनगरांकडे निघालेल्या कुटुंबांपैकी कित्येक इथं स्थिरावली. ती मुळातली सिंधुदुर्गातली, रत्नागिरीतली, साताऱ्याची. गावाहून गिरणगावात आणि गिरणगावातून चारकोपला, असे दोनदा उचलून आणलेले दिवे इथल्या देव्हाऱ्यांत आहेत. पूर्वेला पोयसर, आकुर्ली, समतानगर, ठाकूर संकुल. पश्चिमेला डहाणूकरवाडी, महावीरनगर, शंकर गल्ली. एकाच मजल्यावर कोकणी समई, शेजारच्या गुजराती घरात नवरात्रात दिवा ठेवलेला जाळीचा गरबो आणि समोर मल्याळी कुटुंबाचं निलविळक्कु असं एरवी गावाकडे कुठं पाहायला मिळणार?

आणि या भागाला दिव्याचा इतिहास नाही असंही नाही. कांदिवलीहून दक्षिणेला चार स्थानकांवर जोगेश्वरी आहे. तिथं सापडलेला हत्तीचा झुलता दिवा अभ्यासक साधारण आठव्या-नवव्या शतकातला मानतात. दख्खनच्या धातुशिल्पावर लिहिणाऱ्यांना त्याचा उल्लेख टाळता येत नाही. पाठीवर स्वार घेतलेला हत्ती, आणि वरच्या साखळीत मध्ये मध्ये गुंफलेल्या नर्तकी आणि वादक. ज्यांनी तो टांगला त्यांना नुसता उजेड हवा असता तर मातीची पणती पुरली असती. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी, आज ज्या जमिनीवरून आपण लोकलला लटकून जातो तिथंच, कुणीतरी दिव्यासाठी एवढे कष्ट घेतले होते.

दिव्याची घडण आधी नीट पाहायला हवी, म्हणजे अर्थाकडे जाता येतं. समईचे भाग चार: बैठक, दांडा, तेलाची ताटली आणि वरचा शेंडा. हे भाग वेगवेगळे ओतून कातावर घासले जातात आणि आट्यांनी एकमेकांत बसवले जातात, म्हणून समई सुटी करून धुता येते आणि गाठोड्यात बांधून नेता येते. बैठक रुंद आणि जड, कारण लहान मुलाचा धक्का लागला तरी पेटता दिवा कलंडता कामा नये. बैठकीची कड वर उचललेली असते ती ओघळलेलं तेल जमिनीवर उतरू नये म्हणून. ताटलीला वाती टेकवायच्या खाचा पाच किंवा सात. शेंड्यावर मोर, हंस, नाग किंवा साधा कळस. लामणदिव्याची करामत आणखी पुढची. काही लामणदिव्यांत पक्ष्याच्या पोटात तेल भरतात. खालच्या वाटीतलं तेल उतरलं की पोटात हवा शिरते आणि तेवढंच तेल खाली येतं. वाटी भरली की हवेची वाट बंद, तेलही बंद. कुणी हात न लावता दिवा तासन् तास एका पातळीवर जळतो. ज्या कारागिरांनी हे साधलं त्यांची नावं कुठंच नोंदलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पितळ स्वतःच अवघड धातू. तांबं 1085 अंशांना वितळतं आणि जस्त 907 अंशांनाच उकळून वाफ होऊन जातं. दोन्ही उघड्यावर एकत्र तापवायला गेलं तर जस्त हाती लागतच नाही. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत भरून तापवत. जस्ताची वाफ तांब्यात मुरायची आणि पिवळा धातू तयार व्हायचा. या पिवळेपणाला सोन्याची छटा असते आणि तेलाच्या ज्योतीत ती सगळ्यात खुलते. जेवणाच्या पितळी भांड्याला कल्हई लागते, दिव्याला लागत नाही. त्याला लागते चिंच, आमसूल, लिंबू, रांगोळी किंवा ठाण्याची पितांबरी. आंबट वस्तू धातूवरचा काळा थर विरघळवते आणि खालचं पितळ वर येतं. पण ते टिकत नाही, आठवड्याभरात पुन्हा काळवंडतं. दिवा हा असा सतत हात मागणारा आहे, आणि माझ्या मते त्याच्या धार्मिक अर्थाची सुरुवात इथूनच होते.

प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान, हा अर्थ शाळेपासून आपल्या कानांवर आहे आणि तो खराच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला निवाऱ्यातल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत भाष्य केलं आणि त्या ग्रंथाचं नाव भावार्थदीपिका. तरीही हा अर्थ ग्रंथातला. घरात दिवा लावणाऱ्या बाईला विचारलं तर ती ज्ञान-अज्ञानाबद्दल बोलत नाही. ती म्हणते, दिव्यादेखत खोटं बोलू नये. ती म्हणते, तिन्हीसांजेला दिवा लागला की भांडू नये, घरात कुणी झोपून राहू नये. या बोलण्यामागे दिवा काहीतरी पाहतो आहे ही समजूत आहे, आणि तिला पूजाविधीचाच आधार आहे. कोणत्याही पूजेत देवाच्या आधी कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा होते. दिव्याला गंध-फूल वाहून त्याला कर्मसाक्षी म्हणून प्रार्थना करतात, आपण जे करणार आहोत ते तू पाहा आणि संपेपर्यंत थांब अशी. मग देवाची पूजा. म्हणजे समई ही देवापुढची सजावट नव्हेच; यजमान आणि देव यांच्यातला व्यवहार जिच्यासमोर व्हायचा ती ती आहे.

म्हणूनच आपल्याकडे वर्षातला एक दिवस फक्त दिव्यांचा आहे. आषाढातल्या अमावास्येला घरातले सगळे दिवे, रोजचे आणि माळ्यावरचेही, खाली काढून घासतात, पाटावर मांडतात, भोवती रांगोळी घालतात, हळद-कुंकू, फुलं, दूर्वा वाहतात. कणकेचे गोड दिवे उकडून त्यांचाच नैवेद्य. त्या दिवशी दुसरा देव नाही, दिवाच देव. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो आणि व्रतांची रांग सुरू होते. त्या सगळ्यांना साक्षी राहणारा आदल्या दिवशी उजळून ठेवायचा, असा हा क्रम. आज या अमावास्येला लोक वेगळ्याच, अचकटविचकट नावानं ओळखतात आणि तेवढंच नाव मुलांच्या कानांवर पडतं. मला याचा मनापासून त्रास होतो.

या दिवसाची कहाणी मी लहानपणी ऐकली, पण तिचं मोल कळायला फार वर्षं गेली. एका राजाच्या सुनेनं घरातलं काही चोरून खाल्लं आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड घ्यायचं ठरवलं आणि घरी पाहुणा मुक्कामाला आला त्या रात्री तिची चोळी त्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सकाळी बोभाटा झाला, सुनेला घराबाहेर काढलं. ही सून रोज घरातले दिवे स्वतः घासायची, तेलवात करायची, खडीसाखरेनं ज्योत सारायची आणि अवसेला त्यांना गोडाचा नैवेद्य दाखवायची. ती गेल्यावर हे सगळं बंद पडलं. पुढं अवसेच्या रात्री राजा शिकारीहून परतताना एका झाडाखाली थांबला. झाडावर गावातले सगळे दिवे जमले होते आणि कुणाच्या घरी काय जेवण झालं, कशी पूजा झाली ते एकमेकांना सांगत होते. राजाघरचा दिवा मात्र उदास. त्यानं घडलेली हकिगत पहिल्यापासून सांगितली, सुनेचा चोळीच्या गोष्टीत काही दोष नाही हेही सांगितलं. राजानं ऐकलं आणि सुनेला सन्मानानं परत आणलं.

या कहाणीतली सून निर्दोष नाही. खाऊ तिनंच खाल्ला होता आणि खोटंही तीच बोलली होती. दिव्याला ते ठाऊक आहे. पण जो दोष तिचा नाही तो तिच्यावर लादला गेला हेही त्याला ठाऊक आहे, आणि तो बोलतो ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. बाईची बाजू घ्यायला घरात माणूस नव्हतं तेव्हा जिला ती रोज घासत होती ती वस्तू उभी राहिली. ज्या बायकांनी ही कहाणी पिढ्यान् पिढ्या एकमेकींना सांगितली त्यांना यातून काय सांगायचं होतं, हे वेगळं समजवायला नको. दीपपूजेवरच्या कुठल्याही संस्कृत वचनापेक्षा मला ही कहाणी मोठी वाटते.

साक्षीचं हे काम जन्मापासून मरणापर्यंत चालतं. बाळाच्या पाचवीच्या रात्री दिवा विझू देत नाहीत, कारण सटवाई कपाळावर लिहायला येते. वाढदिवसाला, भाऊबीजेला, घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं तर निरांजनानं औक्षण. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी करवलीच्या हाती कऱ्याबरोबर दिवाही असतो. ज्यांचं कुलदैवत खंडोबा त्यांच्या देव्हाऱ्यात दिवटी-बुधली हवीच; चंपाषष्ठीला तळी भरताना दिवटी पेटते आणि बुधलीतून तिला तेल पाजतात. घटस्थापनेपासून नऊ दिवस अखंड दिवा, आणि रात्री उठून तेल घालायची पाळी कुणाची हे आधी ठरलेलं. आणि माणूस गेल्यावर, जिथं देह ठेवला होता त्या जागी दक्षिणेकडे तोंड करून तेलाचा दिवा. त्या दिवसांत घरात कुणी फारसं बोलत नाही. पण तेल संपत आलं की कुणीतरी उठतंच.

दिवा अखंड ठेवायचा म्हणजे माणसांची पक्की व्यवस्था लागते. चोळ राजांच्या काळातले तमिळ शिलालेख याबाबत फार नेमके आहेत. मंदिरात एक नंदादीप कायम तेवायचा तर त्यासाठी बहुधा 96 मेंढ्या दान द्यायच्या. मेंढपाळानं कळप कायम तेवढाच राखायचा आणि रोज ठरलेलं तूप पोचवायचं. त्या मेंढ्यांना न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या असंच लेखात म्हटलं आहे. आपल्याकडे हीच कल्पना दगडात उभी राहिली ती दीपमाळांमध्ये: जेजुरीला, गोव्यात मंगेशीला, मुंबईत बाणगंगेच्या काठावर.

तमिळनाडूचं नाव निघालंच आहे तर तंजावरच्या मराठी राजघराण्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात एक दीपलक्ष्मी आहे, हातात दिवा धरून उभी असलेली, खांद्यावर पोपट असलेली धातूची स्त्री. तिच्याबरोबरच्या 1853 सालच्या लेखावरून कळतं की ती अम्मनू अम्मणी. मामेभाऊ प्रतापसिंह याच्याशी लग्न व्हावं म्हणून तिनं देवाला लाख दिवे लावायचा नवस केला होता. लग्न झालं, लाख दिवे लावले, आणि त्या दिव्यांतला एक म्हणून तिनं स्वतःला ओतवून घेतलं. दीपलक्ष्मीच्या मूर्ती भारतभर आहेत आणि बहुतेकींचे चेहरे साच्यातले. हिचं मात्र नाव आहे, इच्छा आहे आणि ती पुरी झाल्याची नोंद आहे.

महाराष्ट्रात दिव्यांचं जतन करण्याचं सगळ्यात मोठं काम एका कवीनं केलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गावोगाव हिंडून, मोडीच्या ढिगात हात घालून त्यांनी घरगुती वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं राजा केळकर संग्रहालय उभं केलं. 1975 मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्यातलं दिव्यांचं दालन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा सवड काढून जावं. केळकरांनी ते दिवे वाचवले नसते तर आज आपल्याला लामणदिव्याच्या साखळीचे प्रकारही सांगता आले नसते.

कारण त्याच काळात घराघरांतून पितळ बाहेर जात होतं. स्टेनलेस स्टील आलं, घासायला सोपं, कल्हई नको. बायकांनी पितळी हंडे-घागरी मोडीत देऊन स्टीलचे डबे घेतले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही; पितळ घासून घासून त्यांचे हात सोलवटले होते. या नोंदी घेताना कित्येक घरांत मला हेच ऐकायला मिळालं की सगळं मोडीत दिलं, समई तेवढी ठेवली. मोडीच्या तराजूत घागर बसते आणि समई बसत नाही, हा निवाडा कुणी शास्त्र वाचून केला नव्हता.

आज दिव्यावर वेगळं संकट आहे, आणि ते मोडीपेक्षा गोड दिसतं. पुरुषभर उंचीची समई बैठकीच्या कोपऱ्यात उभी असते, वर लाखेचा चकचकीत थर, म्हणजे घासायला नको. असा थर दिलेला दिवा लावायचा नसतो. ज्योतीजवळ तो जळून काळा पडतो. काही घरांत समईच्या खाचांमध्ये विजेचे बारीक दिवे बसवलेले आहेत. वृद्ध माणूस एकटं असेल, पडद्याला आग लागायची भीती असेल तर मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण हौसेनं घेतलेली, कधीही न लावलेली समई म्हणजे फक्त पितळ आहे, असं माझं ठाम मत आहे. तेलवातीचं लहानसं निरांजन रोज पाच मिनिटं लागलं तर ते त्या समईपेक्षा मोठं. खाली ताटली ठेवावी, पंखा बंद करावा, मुलांना जवळ बसवावं, एवढं पुरतं.

पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा आहे: दिव्यांच्या तळावरची अक्षरं. भांड्यावर नाव घालणारे कारागीर पूर्वी दारोदार फिरत, छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उठवत. अमुक यांजकडून भेट, अमुक यांच्या स्मरणार्थ, पुढं गावाचं नाव आणि तारीख. कधी नुसती आद्याक्षरं. ज्या बायकांचं नाव सातबारावर नाही, घराच्या कागदावर नाही, त्यांचं नाव निरांजनाच्या बुडाशी आहे. काही ठिकाणी अक्षरं इतकी घासली गेली आहेत की कागद ठेवून पेन्सिल फिरवल्यावर कुठं उमटली. पुढली पिढी आणखी घासेल आणि ती जातील.

म्हणून वाचकांना एकच विनंती. येत्या आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे काढाल तेव्हा घासण्याआधी प्रत्येक दिवा उलटा करून पाहा. तळावर जे दिसेल ते वहीत उतरवून घ्या, शेजारी तो कुणी आणला आणि कुठून आला ते घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारून लिहा, तारीख घाला, आणि ती वही देव्हाऱ्याच्या खणातच ठेवा.